माझ्या नातीची धाकटी बहीण

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जन्मात पहिल्यांदा पँट घातली आणि आजच नातीपुढे वाकायची वेळ आली. दोन्हीची लाज एकाच दिवशी उरकली म्हणायची.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर लिहिलं ते डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर, हळद, साखर, सोडा, एवढंच. पण कुंग फूच्या वर्गातले एक दादा म्हणाले, आजी, चिनी शब्द लक्षात राहत नसतील तर घरी जाऊन रोजचं रोज लिहा. म्हणून ही वही. मुलाच्या ऑफिसातून आलेली होती, कोरीच पडली होती.

हां, तर झालं असं. न्हाणीघरात पाय घसरून पडले होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. हाड वाचलं, पण डॉक्टरीण म्हणाली, तोल सांभाळायचा व्यायाम करा. मी म्हटलं, एवढा संसाराचा तोल सांभाळला, तो काय कमी होता? ती हसली नाही. तरुण आहे, हसेल हळूहळू. तेव्हा मुंगी म्हणाली, आजी, तू माझ्याबरोबर कुंग फूला ये. मुंगी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, हातात घेतली आणि तोंडातून निघालं, ही तर मुंगी. आता तेरा वर्षांची घोडी झाली तरी नाव तेच. तिने स्वतः जाऊन गुरूंना विचारलं, माझ्या आजीला घ्याल का. ते म्हणे कोणालाही घेत नाहीत, हिच्या शब्दावर घेतलं.

शिकायच्या जागेला क्वून म्हणतात. सायकलवाल्याच्या दुकानावरचा लांबट हॉल, लाकडी जमीन, भिंतभर आरसा, त्याच्या कोपऱ्याला तडा, दाराला चांगला वीतभर उंच उंबरठा, आणि सगळीकडे अंगाला चोळायच्या तेलाचा वास. गुरू म्हणजे सिफू. पण नुसता गुरू नाही, त्या शब्दात बाप आहे म्हणे. माझ्या मुलाहून लहान आहे हा बाप. आपल्या आधी आलेला तो सिहिंग, म्हणजे थोरला भाऊ. आधी आलेली ती सिजे, थोरली बहीण. नंतर आलेला सिदाय, नंतर आलेली सिमुई. वयाशी काही घेणं देणं नाही, उंबरठा आधी कोणी ओलांडला तेवढं बघायचं. मला हे फारच आवडलं. हल्ली काकू, मावशी, आत्या, मामी सगळ्यांची एक आंटी करून टाकली आहे. ही चिनी माणसं आपल्यासारखी दिसतात, नात्याला नाव ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

तर या हिशेबाने मुंगी माझी थोरली बहीण. सिफूंनी तिला पुढे बोलावलं आणि म्हणाले, तू आणलंस, ही तुझी सिमुई, हिचं सगळं आता तुझ्याकडे. मुंगी ताठ उभी राहून म्हणाली, होय सिफू. काय गोड दिसली. ते पुढेही काही सांगत होते, पण माझ्या पँटची नाडी सैल झाली होती, माझं सगळं लक्ष तिकडे.

मग मी एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर ठेवून वाकायचं आणि म्हणायचं, सिजे. मी वाकले, वर बघितलं तर ही गंभीर चेहरा करून उभी. मला हसू आवरेना. मी तिचा गालगुच्चा घेतला आणि म्हटलं, अगं माझी सिजे ती. पोरं फिदीफिदी हसली. सिफू तेवढे हसले नाहीत. त्यांचं पोट बिघडलं असेल.

शिकवणी संपल्यावर सगळे गेले, मुंगी मात्र झाडू घेऊन सगळा हॉल झाडत बसली. घरात ताट उचलत नाही. मी जिन्यावर बसून बघत होते. सिफूंची लाडकी असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सायकलवाल्याशी गप्पा मारता मारता उशीर झाला. त्याच्या बायकोला माझ्यासारखाच गुडघा आहे. वर गेले तर सगळे मा बोमध्ये. मा म्हणजे घोडा. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, मांड्या खाली दाबून, घोड्याशिवाय बसायचं. मी माझी जागा धरली आणि शेजारच्या छोटीच्या हातात एक लिंबाची गोळी दिली. तिचं नाव मी फुगा ठेवलं आहे, गाल तसे आहेत. मग बाकीच्यांनीही हात पुढे केले. गोळ्या वाटून होईपर्यंत निम्मे घोडे उठले होते.

खाली बसले ती मला उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. आरशात दिसलं ते सगळं. लाज वाटली, पण हसूही आलं.

मुंगी आजही झाडायला थांबली. गुणाची पोर आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मधले काही दिवस लिहिलं नाही, गुडघा सुजला होता. पण गेले मात्र रोज.

थोरले सिहिंग खरे म्हणजे न्हावी आहेत, समोरच्या गल्लीत दुकान आहे. बाहेर मला आजी म्हणतात, आत सिमुई. त्यांनी आज सांगितलं की कुंग फू म्हणजे मारामारी नव्हे. वेळ घालून, घाम गाळून हाताला जे येतं ते कुंग फू. स्वयंपाक्याचं असतं, शिंप्याचं असतं. मी म्हटलं, मग माझं पोर झोपवायचं आहे. रडकं पोर माझ्या खांद्यावर टाका, गाणं संपायच्या आत गपगार. या मुंगीलाच विचारा. हिला कुकरच्या शिट्टीची एवढी भीती होती की शिट्टी झाली की पळत येऊन माझ्या पदरात शिरायची, चांगली शाळेत जायला लागली तरी. आणि घाबरली की चड्डीत काय व्हायचं तेही सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मला रंग चढला की थांबता येत नाही, ती रडत नाक कशी ओढायची त्याची नक्कलही करून दाखवली.

नंतर सराव चालू असताना मागून कोणीतरी हळूच शिट्टी वाजवली. मुंगीचे कान लाल झाले. पोरं ती पोरंच.

येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, झोप येते आहे. जरा चुटपुट लागली मला. ते शेवटचं सांगायला नको होतं बहुतेक. पण घरच्या गोष्टी घरच्याच माणसांना सांगितल्या ना, तिथे तर सगळे भाऊबहीणच आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुंगी आज जिना आडवी होऊन, कठडा धरून उतरत होती, माझ्यासारखी. मी तिला पलंगावर आडवं केलं आणि मांड्यांना तेल चोळलं. मांड्या दगड झाल्या आहेत. विचारलं तर म्हणाली, मा बोमुळे. सगळे जातात त्यानंतरही करते म्हणे. मी म्हटलं, लाडकी झालीस म्हणून सिफूंनी एवढं राबवायचं? मी बोलू का त्यांच्याशी? ती ताडकन उठून बसली. नको नको, आजी. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू फक्त मध्ये मध्ये बोलत जाऊ नकोस ना."

पोरीला माझी काळजी. बोलून दम लागतो ना मला.

एक आनंदाची बातमी. पुढच्या महिन्याअखेर सिफूंचे सिफू येणार आहेत. त्यांना सिगुंग म्हणायचं, म्हणजे आमचे आजोबाच झाले. त्यांच्यापुढे मुलींच्या रांगेचं सगळं मुंगीने चालवायचं आहे. चिनी हुकूम तिने द्यायचे, बाकीच्यांनी करायचे. ही गेलं वर्षभर याचीच वाट बघत होती, हे मला आज कळलं. घरात हिचा आवाज म्हणजे डास गुणगुणल्यासारखा. जेवायला बसलो की आम्ही सगळे ओरडतो, मोठ्याने बोल गं, काही ऐकू येत नाही. क्वूनमध्ये मात्र "मा बो" म्हणाली की आरसा थरथरतो. कुठे लपवून ठेवला होता एवढा आवाज?

४ मार्च, मंगळवार

आज एका पायावर उभी राहिले, भिंतीला न धरता. आनंदाच्या भरात ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोनवर माझं चित्रीकरण केलं. फुगाची आई म्हणाली, आजी, तुम्ही आल्यापासून इथे मजा येते. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. सुनेने विचारलं, आणि मुंगीचं कसं चाललंय? मी म्हटलं, चाललंय की, झाडते रोज.

११ मार्च, मंगळवार

आज लिहवत नाही.

१२ मार्च, बुधवार

लिहिते. लिहिल्याशिवाय घशाखाली घास जाणार नाही.

काल सिफू म्हणाले, आज सगळं सिजे चालवेल, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मुंगी पुढे आली. मा बो म्हणाली. आम्ही बसलो. ती रांगेतून फिरत होती, कोणाचा गुडघा सरळ कर, कोणाची पाठ. बराच वेळ झाला. फुगाचे पाय लटपटायला लागले, डोळ्यात पाणी आलं. मला बघवेना. माझेही पाय लटपटत होते, ते मी आत्ता लिहिते आहे, तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नाही. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, पुरे गं मुंगे, पोरांचे पाय मोडशील, घरी तर स्वतः अंथरुणातून उठत नाहीस. सगळे हसले. आणि माझं बघून सगळे उठले. एकूण एक.

मुंगी मधोमध एकटीच उभी. तिने पुन्हा मा बो म्हटलं, पण तो घरचा आवाज होता. कोणी बसलं नाही. मागून शिट्टी वाजली, कुकरची.

सिफू उंबरठ्यापाशी उभे होते. त्यांनी मला काही म्हटलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त मुंगीकडे बघितलं. ती गेली, तडा गेलेल्या आरशाच्या कोपऱ्यात तोंड करून मा बोमध्ये बसली. शिकवणी पुढे चालू झाली आणि ती तिथेच. पाठीवरचा सदरा भिजून चिकटला तरी तिथेच.

माझं डोकं फिरलं. संपल्यावर मी सिफूंना गाठलं. लेकराला सगळ्यांसमोर असं उभं करता, मन आहे की नाही, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "शिक्षा करायची तर मला करा."

"तुम्हालाच केली आहे," ते म्हणाले. "ती तुमची सिजे आहे, म्हणून ती घेते आहे."

मला समजेना. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जो ज्याला आणतो, त्याच्या चुका तो भोगतो. धाकटा चुकला की थोरला झाडतो.

पहिल्याच दिवशी. माझी नाडी सैल झाली होती तेव्हा.

गालगुच्चा घेतला, तेव्हा ती झाडत होती. गोळ्या वाटल्या, तेव्हा झाडत होती. तिची गोष्ट सांगून हशा मिळवला, आणि त्या हशाचीसुद्धा शिक्षा तिनेच भोगली. आणि मी त्याच मांड्यांना तेल चोळत विचारत होते, लाडकी आहेस म्हणून का गं.

आणि तिने एकदाही सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मुंगी आज गेली नाही. पोट दुखतं म्हणाली. मी दाराशी जाऊन आले दोनदा तीनदा. आत जायचं धाडस झालं नाही. ज्या पोरीच्या खोलीत मी कधी दार वाजवून गेले नाही, तिच्या दाराशी मी चोरासारखी उभी.

दुपारी सुनेला सगळं सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती. शांत बाई आहे, मला कधी उलटून बोलली नाही. घड्या घालत घालतच म्हणाली, "आई, तुम्ही जाता तिथे घर करता. तिला घराबाहेर एक जागा हवी होती."

घरात तिच्या वर आई, बाप, मी, थोरला भाऊ. ती सगळ्यांत धाकटी. एका जागी ती थोरली होती, तिथेही मी हौसेने तिची आजी बनून गेले.

१५ मार्च, शनिवार

न्हाव्याच्या दुकानात गेले. आयुष्यात कधी गेले नव्हते. बाकावर पुरुष बसलेले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकजण उठून जागा देत म्हणाला, आजी, दाढी की कटिंग? एरवी मी त्याला चांगलं उत्तर दिलं असतं. आज सरळ सिहिंगपाशी गेले.

सिहिंग एकाच्या गालाला साबण लावत होते. मी म्हटलं, मी क्वून सोडते, म्हणजे मुंगीच्या मागचं शुक्लकाष्ठ संपेल. ते म्हणाले, सोडलंत तर तेही तिच्याच अंगावर येईल. सिमुई टिकली नाही ती सिजेची कमाई. म्हणजे माझ्या पळून जाण्याचंही तिनेच झाडायचं.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. सिफूंनी तिच्याकडून रांग काढून घेतलेली नाही. तीच जाऊन म्हणाली, मला माझी सिमुई सांभाळता येत नाही, मी सिगुंगपुढे उभी राहणार नाही.

साबण लावलेला माणूस आरशातून माझ्याकडे बघत होता. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, साबण गेला डोळ्यात. साबण त्याच्या गालाला होता.

१८ मार्च, मंगळवार

आज दार वाजवलं. मुंगी अभ्यासाला बसली होती, निदान पुस्तक उघडं होतं. मी मूठ तळव्यावर ठेवली, चांगली कमरेत वाकले आणि म्हटलं, सिजे, सिमुई चुकली. मनात आलं, आता हसेल आणि गळ्यात पडेल.

ती म्हणाली, "आजी, नाटक नको."

मग पुस्तकाचं पान उलटत म्हणाली, "आणि इथे नको. इथे तू आजी आहेस."

मी बाहेर आले. खरं सांगते, थोडं नाटक होतंच. वाकताना मी मनातल्या मनात सुनेला हे कसं सांगायचं ते जुळवत होते. पोरीने बरोबर ओळखलं.

२१ मार्च, शुक्रवार

एकटी गेले. सगळ्यांना सांगून गेले की एकटी जाते आहे. पँट, सदरा, केस घट्ट बांधलेले, पिशवीत गोळ्या नाहीत. सायकलवाल्याने हाक मारली, मी हात दाखवून वर गेले.

सिफूंना म्हटलं, माझं झाडणं मला द्या. ते म्हणाले, माझ्या हातात नाही, तुमच्या सिजेला विचारा. सिजे तर घरी होती. मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. फुगाने हात पुढे केला, मी मान हलवली. तिचे गाल उतरले.

थोड्या वेळात जिन्यावर धावत पावलं आली. मुंगी. धापा टाकत, एक बूट नीट बांधलेला नाही. सिफूंना मुजरा करून म्हणाली, उशीर झाला. का आली ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं मी एकटी तिथे काय काय करून ठेवीन या भीतीनेच आली. काही का असेना.

सगळे आपापल्या जागी होते. मी रांगेतून बाहेर आले, तिच्यासमोर उभी राहिले आणि वाकले. या वेळी मनात कोणाला सांगायचं काही जुळवलं नाही. पाठ कळ मारत होती, एवढंच मनात होतं.

"सिजे, माझ्यामुळे तुमचा मान गेला," मी म्हटलं. "मी इथे शिकायला आले होते, करमणूक करायला लागले."

पोरांमध्ये कोणीतरी खुसखुसलं. सिहिंगनी तिकडे बघितलं. मी वाकलेलीच. नातीला तुम्ही म्हणताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं, अडखळली नाही. वर बघायची हिंमत मात्र झाली नाही. तिचा तो न बांधलेला बूट तेवढा दिसत होता. त्याची नाडी बांधायला हात शिवशिवले. नाही बांधली.

मग वरून आवाज आला, "जागेवर जा, सिमुई."

गेले.

२५ मार्च, मंगळवार

एकदाही बोलले नाही. जीभ सुजेल की काय असं वाटलं. पोर झोपवायचं कुंग फू आहे मला, तोंड मिटायचं नाही. या वयात नव्याने शिकते आहे.

मुंगीने सांगितलेलं नाही की रांग ती चालवणार की नाही. मीही विचारलं नाही. झाडलं मात्र आज कोणीच नाही. सिहिंग म्हणाले, आज कोणी चुकलंच नाही.

३० मार्च, रविवार

सिगुंग येऊन गेले.

मला वाटलं होतं दाढीवाले, उंच असतील. बुटके, टकले, स्वेटर घातलेले आजोबा निघाले, माझ्याएवढेच असतील वयाने. त्यांना आपली भाषा येत नाही. खुर्चीवर बसले, चहा घेतला, मान डोलावली. आधी मुलग्यांचं झालं, ते सिहिंगनी चालवलं. मग मुलींची रांग पुढे आली आणि समोर कोणीच नव्हतं. मुंगी आमच्यातच उभी, रांगेच्या टोकाला. सिहिंगनी तिच्याकडे वळून एवढंच म्हटलं, सिजे?

ती हलली नाही. जा गं, जा की, असं तोंडाशी आलं. दातांत जीभ धरली, खरोखर धरली, अजून दुखते आहे. काहीच केलं नाही मी, फक्त कोणी सांगायच्या आधी मूठ तळव्यावर ठेवली आणि तिच्या दिशेने वळून उभी राहिले. फुगाने माझं बघून तसंच केलं. मग पुढची, मग तिच्या पुढची.

मुंगी बाहेर आली. "मा बो."

आरसा थरथरला.

बसलो आम्ही. आज ती घाई करत नव्हती. एकेकीच्या समोर थांबत होती. फुगाचे पाय लटपटत होते, माझेही. मांड्यांना आग लागली, डोळ्यांपुढे काजवे. ती माझ्यासमोर आली, पायाने माझी टाच हलकेच बाहेर सारली.

"गुडघा बाहेर, सिमुई."

"होय, सिजे."

सिगुंग खुर्चीत पुढे सरकले. माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं. सिफूंनी आम्हाला सांगितलं, ते विचारत आहेत ही कोणाची सिमुई. एवढ्या मुलींत एकच पांढरं डोकं, एकच वाकडा घोडा. आता हिने काय म्हणायचं?

मुंगीने हात वर केला. "माझी आहे."

त्यांनी मान डोलावली आणि परत चहा घेतला. बस्स, एवढंच.

शेवटचा मुजरा झाला. सगळे वाकलेले, हॉल चिडीचूप, सिगुंगही उभे. आणि माझ्या तोंडातून निघालं, "शाब्बास गं मुंगे!" मोठ्याने. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

कोणी हसलं नाही. मुंगीने डोळे मिटले, उघडले. सिगुंग जिन्याने खाली गेले, बाकीचेही गेले. मग ती कोपऱ्यात गेली आणि झाडू घेऊन आली.

जमिनीने गिळावं असं वाटलं मला. एवढं सगळं करून शेवटी माती. मी कोपऱ्यातून केरभरणी आणली आणि तिच्यापुढे वाकले. म्हटलं, सिजेची परवानगी असेल तर ही मी धरते.

ती झाडत राहिली. बराच भाग झाडून झाला. मग माझ्याजवळ केराची छोटी रास आणून थांबली.

"धर," म्हणाली. "घट्ट धर, हलवू नकोस. आणि बोलू नकोस."

मी उकिडवी बसले, तोल सांभाळून, कुठेही न धरता. केर भरला. पूर्ण हॉल होईपर्यंत एक शब्द बोलले नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, तिने बघितलं, मिटलं.

उंबरठा ओलांडला, चपला घातल्या. ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि वळून तिने आपली पिशवी माझ्या हातात दिली.

"आजी, भूक लागली," म्हणाली, तो डासाएवढा आवाज. "आणि घरी गेल्यावर माझी ती आरडाओरड सगळ्यांना सांगू नकोस हं."

मी म्हटलं, नाही सांगत. अजून सांगितलेलं नाही. फक्त इथे लिहिलं.